रडगाणं वगळून

एका शेगडीवर दूध, दुसरीवर चहाचं आधण आणि ओट्याच्या कडेला साखरेच्या डब्याला टेकवून उभा केलेला फोन. एक डोळा दुधावर आणि एक फोनवर ठेवून धाकटी बोलत होती, "इमारतीची पाण्याची टाकी धुवायची आहे. पाणी दिवसभर बंद राहणार. लोक भांडायला येणार नाहीत अशा बेताने सूचना लिहून दे."

"लोक भांडायला येणार नाहीत असं लिहिणारं यंत्र अजून जन्माला यायचंय," बेसिनपाशी दाढी करणारा नवरा म्हणाला.

"तुम्ही आरशात बघा. गालावरचा फेस वाळतोय."

माहेरी दोघीच बहिणी, थोरली अक्का आणि ही धाकटी. ते नाव तिला असं चिकटलं की सासरी आल्यावर नवराही तीच हाक मारू लागला. इमारतीत मात्र तिला अलीकडे दुसरंच नाव पडलं होतं: एआयवाल्या काकू. कुणाचं वीजबिल अचानक फुगलं, कुणाला मुलाच्या शाळेला अर्ज करायचा असला, कुणाला डॉक्टरांचा रिपोर्ट कळेना, की पावलं तिच्या दाराकडे वळत. "बघू, विचारून सांगते," असं म्हणून ती फोन उचले, आणि त्या वेळी तिच्या मानेला जो एक ताठपणा येई तो नवऱ्याच्या नजरेतून सुटलेला नव्हता.

सूचना लिहून झाली होती, चांगली झाली होती. धाकटी ती वाचत असतानाच दारावर थाप पडली. बेल बिघडलेली होती, ती दुरुस्त करणं नवऱ्याच्या यादीत फार दिवसांपासून होतं.

दार उघडलं तर समोर अक्का. हातात दोन पिशव्या, पायाशी दोरीने बांधलेली वळकटी, आणि मागे धापा टाकणारा टॅक्सीवाला. त्याच्या खांद्यावर एक घडीची खुर्ची.

"अगं, बघत काय उभी राहिलीस? सरक. त्यांना ओझं खाली ठेवू दे."

"अक्का, तू? म्हणजे, अशी अचानक. कळवायचं तरी."

"कळवायचं काय आणखी? तूच तर ये म्हणालीस," अक्का हसत आत आली आणि भिंतीला हात लावत लावत सोफ्यापर्यंत पोचली. "ती खुर्ची आत ठेवा हो, जपून. तिच्याशिवाय माझी कंबर कुणाचं ऐकत नाही."

नवरा अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून बाहेर आला. "या या, सासूबाई." धाकटीच्या लग्नात आईच्या जागी अक्काच उभी होती, तेव्हापासूनची ही त्याची थट्टा.

"जावईबुवा, आधी तोंड धुऊन घ्या. मग पाया पडा."

मागे स्वयंपाकघरात दूध उतू गेलं.

अक्काची गोष्ट सांगायची तर फार मोठी नाही. आई गेली तेव्हा धाकटी शाळेत होती आणि अक्का कॉलेजात. अक्काने कॉलेज सोडलं आणि एका मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागली. खिडकी नसलेली एक खोली, कानाला हेडफोन, समोर दिवे लुकलुकणारा बोर्ड. कुणाचा माणूस अपघातात सापडलेला, कुणाच्या मुलीला कळा सुरू झालेल्या, कुणी नुसतंच रडणारं. आणि अक्काने प्रत्येकाला एकच म्हणायचं, "थोडक्यात सांगा, लाइन मोकळी ठेवायची आहे." म्हणायचं आणि जोडून द्यायचं. निवृत्त होईपर्यंत तिने हेच केलं. संध्याकाळी घरी आली की मात्र पाय पसरून बसे आणि धाकटीला म्हणे, "आता तू सांग. अगदी पाल्हाळ लावून सांग." मग धाकटी कॉलेजातलं सगळं सांगे. कोण कुणाशी बोललं, कोण कुणाशी बोलायचं थांबलं, बाईंनी काय शिकवलं, काय शिकवलं नाही. अक्का डोळे मिटून ऐके आणि मध्येच म्हणे, "थांब, आधीचं नीट सांग, तू उडी मारलीस."

पुढे धाकटी लग्न होऊन दुसऱ्या गावी आली. अक्का एकटी तिकडे भाड्याच्या खोलीत राहिली. हातात नवा फोन आला, त्यात आवाजाचे निरोप पाठवता येतात हे तिला कळलं, आणि आयुष्यभर दाबून ठेवलेलं सगळं पाल्हाळ मोकळं झालं. नळापासून सुरू व्हायचं, जिन्यावरून, बाजारातून, जुन्या मैत्रिणीच्या सुनेवरून फिरत फिरत कुठेतरी पोचायचं. "बरं, ठेवते," म्हणायची आणि मग, "नाही, आणखी एक राहिलंच," म्हणून पुन्हा तेवढंच बोलायची. रोज.

सुरुवातीला धाकटी ऐकत होती. भांडी लावता लावता, कपडे वाळत घालता घालता. नंतर निरोप साचू लागले. त्यांच्या शेजारचा तो लाल आकडा बघून तिच्या डोक्यात कटकट सुरू होई.

त्याच सुमारास वाचनालयात वर्ग सुरू झाला. 'रोजच्या कामात एआय.' ग्रंथपालबाई शिकवायच्या, दुपारी, घरच्या बायकांना सोयीच्या वेळी. धाकटीची पदवी इतकी वर्षं कपाटात घडी करून ठेवल्यासारखी होती, ती जणू बाहेर आली. काय हवं ते स्पष्ट सांगायचं, कुणासाठी हवं ते सांगायचं, आलेलं उत्तर तपासायचं, हे तिला पटकन जमलं. नवऱ्याच्या रक्ततपासणीचा कागद घेऊन डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तिने असे काढले की डॉक्टर म्हणाले, "तुम्ही याच क्षेत्रातल्या का?" तो दिवस ती विसरली नव्हती.

ग्रंथपालबाई एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. "काय वगळायला सांगता त्याकडे लक्ष ठेवा. तुम्ही सांगाल तसं ते वगळेल. पण वगळलं त्यात काय होतं, हे बघायला तुम्हालाच परत जावं लागेल."

धाकटीने ते वहीत उतरवून घेतलं होतं. आणि घरी येऊन तिने एक सूचना तयार केली, दोनचारदा घासूनपुसून, आणि कायमची साठवून ठेवली: 'हा माझ्या मोठ्या बहिणीचा निरोप आहे. महत्त्वाचं तेवढं दोन ओळींत सांग. रडगाणं वगळ. मग माझ्या वतीने प्रेमाने उत्तर लिही. काही प्रश्न विचारू नकोस, ती पुन्हा सुरू होते.'

इतकी नेमकी सूचना तिने दुसऱ्या कशासाठीच लिहिली नव्हती. वर्गातल्या बायकांना ती वाचून दाखवली तेव्हा सगळ्या हसल्या होत्या आणि चौघींनी ती मागून घेतली होती. सुरुवातीला ती दोन ओळी वाचून वर निरोपही ऐके. मग अर्धा ऐके. मग अक्का खुशाल आहे हे कळतंय ना, तर पुरे, असं झालं.

चहा झाला. अक्काने कप दोन्ही हातांनी चाचपून खाली ठेवला.

"तुला इतकं गोड लिहायला कधी यायला लागलं गं? तोंडाने बोलायचीस भरपूर, पण लिहायचं म्हटलं की चार ओळी, त्याही खरडल्यासारख्या. आणि हल्ली बघ. मला बारीक अक्षर लागत नाही, तर खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई वाचून दाखवते. मशीन थांबवून वाचते. म्हणते, अशी बहीण मिळायला नशीब लागतं."

धाकटी म्हणाली, "बिस्किट घे ना."

"घेते. जावईबुवा, हिने विचारलं ना तुम्हाला? मी बजावलं होतं, तुम्हाला विचारून मगच काय ते कळव म्हणून."

नवऱ्याने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने बिस्किटांच्या बशीकडे पाहिलं.

"तुम्ही येताय म्हटल्यावर विचारायचं काय त्यात?" तो म्हणाला.

"तेच हिने लिहिलं होतं. अगदी शब्दाला शब्द." अक्काचा चेहरा खुलला. "त्याच दिवशी मी वसतिगृहात नाही म्हणून कळवलं. निवृत्त बायकांचं वसतिगृह हो, हॉस्पिटलाच्या मागचं. खिडकीजवळची जागा ठेवली होती माझ्यासाठी. माझ्याच बरोबरची एक होती, तिला मिळाली, तिची सोय झाली. खोलीची किल्ली काल मालकाच्या हातात दिली. म्हटलं, सुटले."

वसतिगृह कुठलं, किल्ली का दिली, कुणाला काय विचारायला सांगितलं होतं, यातलं अक्षरही धाकटीला ठाऊक नव्हतं. "आलेच," म्हणून ती उठली, फोन पदराखाली धरून बाथरूममध्ये गेली, नळ सोडला आणि बादलीच्या कडेला बसून निरोप शोधू लागली. बरंच मागे जावं लागलं. एकामागून एक न ऐकलेले निरोप, आणि प्रत्येकाखाली तिचं गोड उत्तर.

सापडला.

"धाकटे, ऐक. आज नळाला पाणी लालसर आलं, मी आधी म्हटलं माझ्याच डोळ्यांचा दोष, पण शिंपीणबाईकडेही तसंच. तिच्या मशीनचा पट्टा तुटलाय, बिचारी हातशिलाई करत बसलीय. हं, तर काय सांगत होते? मालक आला होता. त्याला खोली हवीय, मुलासाठी. चांगला आहे माणूस, घाई नाही म्हणाला, पण हवीय. वसतिगृहात जागा आहे म्हणे, मी बघून आले. बरी आहे. येताना जिन्याची शेवटची पायरी दिसली नाही, पडले थोडी. फार नाही गं. उजव्या डोळ्यापुढे हल्ली धुकं असतं, त्याचं ऑपरेशन करायचं म्हणतात, सोबत कुणीतरी लागेल म्हणतात. तर माझ्या मनात आलं, तुझ्याकडे ती मागची खोली आहे ना. आता ऐक. अडचण होत असेल तर सरळ नाही म्हण. मी वाईट वाटून घेणार नाही. वसतिगृहही चांगलंच आहे. आपल्यात तोंडदेखलं नको. जावईबुवांना विचार, नीट विचार कर, घाई करू नकोस. पण खरं सांग. बरं, ठेवते. नाही, आणखी एक राहिलंच. शिंपीणबाईने तुला नमस्कार सांगितलाय."

त्या निरोपासाठी फोनमध्ये आलेल्या दोन ओळीही अजून तशाच होत्या: 'बहिणीला तुमच्याकडे यावंसं वाटतं. घर आणि तब्येतीबद्दलच्या तक्रारी तुमच्या सूचनेप्रमाणे वगळल्या आहेत.' आणि खाली उत्तर, जे धाकटीने रस्सा ढवळता ढवळता वरवर वाचून पाठवून दिलं होतं: 'अक्का, तुझा आवाज ऐकून फार बरं वाटलं. तू कधीही ये. हे घर तुझंच आहे, त्यात विचारायचं काही नाही. काळजी घे.'

तेव्हा तिला ते ठीक वाटलं होतं. असं म्हणतातच की. पाहुण्याला म्हणतात, फोन ठेवताना म्हणतात. तुझा आवाज ऐकून फार बरं वाटलं. यंत्राने बिचाऱ्याने सांगितलं तेवढं केलं होतं, वर वगळलं आहे हेही प्रामाणिकपणे लिहिलं होतं. दोष टाकायला तिच्यासमोर दुसरं कुणी नव्हतंच. बादली भरून पाणी वाहत होतं, तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

स्वयंपाकघरात नवरा दुधाने बरबटलेला ओटा पुसत होता. तिने त्याला हळू आवाजात सगळं सांगितलं. तो पुसायचा थांबला नाही.

"झालं ते एका परीने बरंच झालं," तो म्हणाला. "आल्यात ना? खोली आहे. तिथलं तुझं टेबल पुढच्या खोलीत हलवू, तुला विचारायला येणाऱ्या बायका पुढे बसतील. डोळ्याचं इथे करून घेऊ."

"तिला सांगायला हवं."

"कशाला? बाई खुशीत आहे. तू आता तिच्या घासात खडा टाकू नकोस."

"ती म्हणाली होती, खरं सांग."

"ते तेव्हा सांगायचं होतं," तो म्हणाला, आणि लगेच त्याला वाटलं की हे बोलायला नको होतं. त्याने फडका पिळला, झटकला, पुन्हा पिळला.

धाकटीने सवयीने फोन उचलला. 'माझ्या बहिणीला सांगायचं आहे की मी तिचे निरोप ऐकत नव्हते. कसं सांगू?' उत्तर झटकन आलं, आणि चांगलं आलं. सबबी सांगू नका, तिला बोलू द्या, क्षमेची घाई करू नका. खाली नमुन्यादाखल एक परिच्छेदही होता: 'तू बोलत राहिलीस आणि मी फक्त उत्तरं देत राहिले.' धाकटीला ते वाक्य इतकं पटलं की दुसरं काही सुचेनासं झालं. तिने ते पुसून टाकलं. पण डोक्यातून पुसलं जाईना. स्वतःचं काही बोलायला तोंड उघडावं तर जिभेवर तेच येऊन बसे.

मागच्या खोलीत अक्का आपली खुर्ची उघडून बसली होती आणि वळकटीची गाठ बोटांनी चाचपत होती. धाकटी सोडवायला वाकली तेवढ्यात उघड्या दारातून वरच्या मजल्यावरची पार्लरवाली आत आली. ही बाई कधी थाप मारायची नाही.

"काकू, ते तुमचं वाक्य परत पाठवा ना. रडगाणं वगळायचं. माझ्याकडून पुसलं गेलं आणि सासूबाईंचे निरोप असे साचलेत की विचारू नका. अय्या, पाहुण्या आल्यात का?"

"माझी बहीण," धाकटी म्हणाली. "तू नंतर ये."

"कसलं वाक्य?" अक्काने विचारलं.

"अहो, भारी आहे. लांबण लावणाऱ्या माणसांसाठी. आपण ऐकत बसायचं नाही, ते ऐकतं आणि वर उत्तरही देतं, असं प्रेमळ की समोरचं माणूस खूश. काकूंनीच शोधून काढलंय."

"नंतर ये म्हटलं ना."

पार्लरवालीने एकीकडून दुसरीकडे पाहिलं, "बरं बरं," म्हणाली आणि गेली. जाताना तिने दार मात्र ओढून घेतलं.

अक्काची बोटं गाठीवर तशीच होती. "लांबण लावणारं माणूस," ती म्हणाली. "म्हणजे कोण?"

इमारतीच्या सभेतले सेक्रेटरी, असं म्हणता आलं असतं. ते खरोखरच लांबण लावत. धाकटीच्या ओठांवर ते आलंही होतं.

"तू," ती म्हणाली. "तुझ्यासाठीच केलं होतं मी ते."

मग तिने सांगितलं. नीट सांगता आलं नाही. आधीचं नंतर, नंतरचं आधी, मध्ये वर्गाचं, मध्येच ग्रंथपालबाईंचं. अक्का एरवी म्हणाली असती, उडी मारू नकोस. आज काही म्हणाली नाही. धाकटीला लहानपणी मार बसला नव्हता, तो आता बसावा असं वाटत होतं.

"सगळी उत्तरं?" अक्काने शेवटी विचारलं.

"पहिली काही माझी होती."

"कुठली?"

"ज्यात चुका आहेत ती."

अक्काने मान हलवली. "ती मी शिंपीणबाईला पुन्हा वाच म्हणाले नाही कधी." तिने दोरीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "मग ये कोण म्हणालं मला?"

"त्याने लिहिलं. मी पाठवलं. पण तू काय विचारलंयस ते मी ऐकलंच नव्हतं. आज ऐकलं. आत्ता, बाथरूममध्ये."

"तरीच एवढं पाणी वाहत होतं."

धाकटीला हसू आलं नाही. "अक्का, तू खरं सांग म्हणाली होतीस. तर खरं असं आहे की तेव्हा ऐकलं असतं तर मी काय म्हटलं असतं ते मला माहीत नाही. आढेवेढे घेतले असते कदाचित. या खोलीत माझं टेबल होतं, या बायका यायच्या, मला चार लोक विचारायला लागले होते. नाहीच म्हटलं असतं असंही नाही. पण चटकन हो म्हटलं असतं, असं सांगायला तोंड नाही मला."

"हं."

"आता म्हणते. राहा तू. मनापासून म्हणते."

"आता मी वळकटी घेऊन बसलेय तुझ्यासमोर. आता कुणीही म्हणेल." आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "मी आयुष्यभर लोकांना थोडक्यात सांगा म्हणाले, धाकटे. कितीजण रडायचे. पण पुढे जोडून तरी द्यायचे गं मी."

धाकटी खाली फरशीवर बसली. दोघींच्या मध्ये ती वळकटी. बाहेर नवरा बेलचं झाकण उघडून काहीतरी खुडबुड करत असावा, कारण मध्येच बेल अर्धवट वाजली आणि गप्प झाली.

"राहीन मी," अक्का म्हणाली. "जायला दुसरी जागा नाही म्हणून राहतेय, हे तुला माहीत असलेलं बरं. डोळ्याचं होऊ दे. मग दिसेल तसं बघू."

"मी सगळे निरोप ऐकेन. पहिल्यापासून."

"शिळं झालं ते. पाणी केव्हाच स्वच्छ यायला लागलं." तिने वळकटीची दोरी धाकटीच्या हातात दिली, सोडव म्हणून. धाकटीने गाठीला नखं लावली. गाठ घट्ट होती.

"अक्का, मी काय करू? तू सांगशील ते करते."

अक्का विचारात पडली. मग खुर्चीत सरळ झाली.

"एक कर. शिंपीणबाईचा फोन येईल आज, नीट पोचले का विचारायला. तुझ्याशीही बोलेल, तुझं फार कौतुक आहे तिला. तिला यातलं काही सांगू नकोस."